रुजू होताना

चंदनसार, विरार पूर्व
१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पत्र. रिद्धीवहिनीच्या माहेरचा नाशिकचा पत्ता आईकडून मागून घेतला. आई म्हणाली, तुझा जबडा तारांनी आवळून ठेवलाय, पेज नि सूप नळीनं घेतोस, काही सांगायचं असेल तर पाटीवर लिहितोस. डावा गुडघा अजून वाकत नाही. एवढं सांगून ती म्हणाली, माझ्या अभ्यासातल्या माणसानं हे केलं.

त्या माणसाला नाव आहे. प्रीतम. तुझ्या कंपनीत नऊ वर्षं तो पॉवर प्रेसवर पत्र्याच्या स्विचपेट्या पाडत होता आणि तू तिथला प्लांट मॅनेजर. मी त्याला ओळखायच्या आधीपासून तू ओळखतोस.

तेवीस जानेवारीला मी कॉलेजात तास घेत होते. जे कळलं ते तुझ्याच तीन कामगारांकडून, आणि तिघांनीही वेगवेगळं भेटून एकच सांगितलं. प्रीतम अकरा दिवस फिट सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेटवर उभा राहत होता. रोज सकाळी आठला यायचा, साडेचारला जायचा. वॉचमनला वरून सांगितलं होतं, आत घ्यायचं नाही. बाराव्या दिवशी टेम्पो आला, गेट उघडलं, आणि तो टेम्पोच्या मागून आत शिरला. भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर त्यानं काढला. उजव्या हाताला त्याच्या अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय, डाव्या मनगटात धातूची पट्टी बसवलेली आहे, मूठ वळत नाही. म्हणून सिलिंडर त्यानं दोन्ही कोपरांच्या बेचक्यात छातीशी धरला. तू केबिनमधून बाहेर आलास. पहिला घाव गुडघ्यावर. तू पडलास. मग त्यानं सिलिंडर तसाच वर उचलला आणि तुझ्या तोंडावर सोडला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो निसटून तुझ्या खांद्यावर पडला, नाहीतर आज मी हे पत्र लिहीत नसते. त्यानंतर तो तुझ्याशेजारी फरशीवर बसून राहिला. कुणी त्याला धरलं नाही. धरायची गरजच नव्हती म्हणाले.

तुझ्या दातांचे तुकडे झाडूवाल्या बाईनं कागदात गोळा करून ठेवले होते. डॉक्टरांना लागतील म्हणून.

मला वाईट वाटतंय, दादा. हे मी खरं लिहितेय.

आईकरवी तू निरोप पाठवलास की प्रीतमच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे असेल, त्यात तो तुला मारायची भाषा बोलला असेल तर ते पोलिसांना दे. तसं काही माझ्याकडे नाही. मुलाखत कागदावर उतरवून झाली की आवाज पुसून टाकायचा असतो, आमचा नियम आहे. मी पुसला.

माझं बरं चाललंय. कॉलेज सुरू आहे, प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहितेय. आईचं घर सोडून इथे एक खोली घेतली आहे. का, ते तुला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

ज्ञानदा

*

चंदनसार
९ मार्च २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "तू माझी बहीण आहेस की त्याची?" हा प्रश्न तू दोनदा लिहिलायस, एकदा वर आणि एकदा खाली.

उत्तर द्यायचं तर मला मागून सुरुवात करावी लागेल. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या गाईडना, लूर्डस मॅडमनाही नाही.

तुला माझा विषय कधी नीट कळला नाही. आजारपणाच्या रजेवर पीएच.डी., म्हणजे दांड्या मारणाऱ्यांचा अभ्यास, असं तू मित्रांना हसत सांगायचास. मी शोधत होते ते वेगळं. माणूस चार-सहा महिने आजारी पडतो, अपघात होतो, बरा होतो आणि एका सकाळी डबा घेऊन परत कामावर जातो. त्या सकाळपासून पुढे त्याचं काय होतं? एकतीस जणांना भेटले. कंपनीत शिरायला तूच मदत केलीस, तेही विसरले नाही.

प्रीतमची मुलाखत मी त्याच्या घरी घेतली, फुलपाड्याला, चाळीतल्या खोलीत. त्याची बायको भाविका तिथेच डब्याच्या पोळ्या लाटत होती. अपघातानंतर पाच महिन्यांनी तो कामावर रुजू झाला होता आणि तो त्याचा नववा दिवस होता. मुलाखतीआधी मी सगळ्यांना एक कागद वाचून दाखवते: तुम्ही बोलाल ते बाहेर जाणार नाही, तुमचं नाव कुठे येणार नाही. त्यावर त्यानं डाव्या हातानं सही केली. शिकतोय म्हणाला, अजून पोरासारखं अक्षर येतंय.

मग त्यानं तो दिवस सांगितला. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो, तो तारेनं बांधून बंद केला होता, कारण सेन्सर चालू असला की तासाला पेट्या कमी पडतात. बांधला सुपरवायझर अनुजनं. वरून सांगितलंय, म्हणाला. पत्रा अडकला म्हणून प्रीतमनं बोटं घातली आणि प्रेस खाली आली. दुखलं नाही, म्हणाला. हात मागे घेतला तर हलका लागला. तीन बोटं डायवर, खालच्या साच्यावर, पत्र्याला चिकटून होती आणि पुढची पेटी त्यांच्यावरच पडली, कारण पॅडलवरचा पाय त्यानं काढलाच नव्हता.

भाविकाचं लाटणं थांबलं होतं. तिनंही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतरच्या रविवारी आईकडे माणिकपूरला आपण जेवायला बसलो होतो. तू मला चिडवत होतास. काय सांगतात गं तुझे पेशंट? डोकं दुखतं, पोट दुखतं? वहिनी हसली. आणि मला तुला गप्प करायचं होतं. एवढंच होतं, दादा. मला तुझ्यासमोर मोठं व्हायचं होतं. मी म्हटलं, तुझ्या कारखान्यात सेन्सर तारेनं बांधून ठेवतात हे मला माहीत आहे, उगाच हसू नकोस.

नाव मी घेतलं नाही. पण प्रेसवर हात गेलेला आणि नुकताच रुजू झालेला तुझ्याकडे एकच माणूस होता. तू जेवणं थांबवलं नाहीस. आमटी वाढून घेतलीस आणि विचारलंस, कोण म्हणालं? मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. तू मान हलवलीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर तिघांनी त्याला फुलपाड्याच्या रस्त्याला अडवलं. पाच वाजले होते, उजेड होता, भाजीवाले बसलेले होते. एकानं मागून मान धरली. दुसऱ्यानं विचारलं, "मॅडम को क्या क्या बोला तू?" त्याला आधी कळेना कुठली मॅडम. मग त्याचा चांगला हात त्यांनी रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर पसरला आणि लोखंडी पाइपनं मारला. डॉक्टर म्हणाले, निदान सहा घाव असावेत. मनगटाची हाडं चुरा झाली होती. जाताना एक जण म्हणाला, आता सही कर.

म्हणजे सहीचंही त्यांना माहीत होतं. तेवढं मी तुला सांगितलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिले. पण सांगितलं होतं. त्याच जेवणात, मघाशी लिहिलं नाही एवढंच. एकानं तर डाव्या हातानं सही केली, इतका विश्वास ठेवतात माझ्यावर, असं मी फुशारकीनं म्हटलं होतं.

मी हॉस्पिटलात गेले तेव्हा भाविका वॉर्डाच्या दारात उभी होती. तिनं मला आत जाऊ दिलं नाही. ओरडली नाही. म्हणाली, "मॅडम, तुमचा अभ्यास झाला असेल तर आता आम्हाला राहू द्या."

मी बहीण तुझीच आहे. म्हणून तर हे झालं.

ज्ञानदा

*

चंदनसार
६ एप्रिल २०२५

दादा,

परवा कॉलेजात पोलीस आले होते. सभ्यपणे बोलले. तुझ्या जबाबात तू लिहून दिलंयस की आरोपीशी माझा कधी वाद नव्हता, त्याच्या मनात काय होतं ते माझ्या बहिणीकडच्या मुलाखतीत सापडेल. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, शोधून सांगते.

आता ऐक. रेकॉर्डिंग आहे. पुसलं नव्हतं. एक तास चाळीस मिनिटं आहे, आणि तेवीस जानेवारीपासून मी ते बहुतेक रोज ऐकलंय, उजव्या कानाला इअरफोन लावून.

चाळिसाव्या मिनिटाला सेन्सरची गोष्ट आहे. अनुजचं नाव आहे, आणि "कौस्तुभ सरांनी सांगितलंय" असं अनुज म्हणाल्याचं आहे. शेवटाकडे, मी माझा ठरलेला प्रश्न विचारते की परत आल्यावर तुम्हाला कसं वाटतं. प्रीतम म्हणतो, "एकेकदा वाटतं मॅडम, यांच्यातल्या एकाला उचलून त्याच प्रेसखाली घालावं. मग बघू सेन्सर चालतो का."

तुला हवं होतं ते आहे. हे वाक्य एकटं दिलं तर ठरवून जीव घ्यायचा प्रयत्न होतो. चाळिसावं मिनिट एकटं दिलं तर तू आत जातोस. म्हणून मी खोटं बोलले, तुला वाचवायला की त्याला, ते मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं एक लिहायचं आहे. आई म्हणते, झालं गेलं, उगाळू नकोस. तू तर त्याबद्दल कधी बोललाच नाहीस.

प्रीतमचं मनगट मोडल्याच्या पाचव्या दिवशी तू आईकडे आलास. दिवाळी जवळ आली होती, आई चकल्या पाडत होती. मी तुला विचारलं, तू पाठवलेस का ती माणसं? तू म्हणालास, मी अनुजला फक्त समज द्यायला सांगितलं होतं, त्यानं कसली माणसं पाठवली मला काय माहीत. हे तू म्हणालास, दादा. कढईतलं तेल तडतडत होतं, तरी मी आणि आईनं नीट ऐकलं. मग तू म्हणालास, लॅपटॉप दे. मी तो छातीशी धरला. तू हात धरून पिरगाळलास, मी सोडला नाही, आणि तू मला मारलंस. उघड्या पंजानं, डाव्या कानावर. शिट्टीसारखा आवाज झाला आणि त्या बाजूचं घर बंद पडलं. दुसरा मार कधी बसला मला आठवत नाही. आईला आठवतो. भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा तू माझे केस धरलेले होतेस. ड्रेसच्या खांद्यावर रक्त आलं ते कानातून आलं हे मला आधी कळलंच नाही, मला वाटलं ओठ फुटला.

लॅपटॉप तू नेलास. रेकॉर्डिंग त्यात नव्हतं, माझ्या फोनमध्ये होतं.

आईनं गॅस बंद केला. पहिलं वाक्य तिचं हे होतं की बाहेर बोलू नकोस, त्याची नोकरी जाईल. मी कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, बाथरूममध्ये पडले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहिलं. कॉलेजलाही तेच सांगितलं. अडतीस दिवस मी घरी होते. चक्कर यायची, भिंत धरून चालायचे. परत गेले त्या सकाळी एका मुलानं डाव्या बाजूच्या बाकावरून शंका विचारली, मला ती ऐकूच आली नाही, आणि मागची मुलं हसली. एकतीस जणांच्या मुलाखती घेऊनही जे मला कळलं नव्हतं ते त्या एका तासात कळलं.

आणि अजून एक, मग आजचं पुरे. तेवीस जानेवारीला तुझी बातमी आली तेव्हा मी जिन्यात उभी होते. तुझा जबडा मोडला, दात गेले, हे ऐकलं आणि मला बरं वाटलं. पुष्कळ बरं वाटलं. मी लोकांच्या रागाचा अभ्यास करते आणि माझा स्वतःचा मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. तो सिलिंडर माझ्या हातात असता तर मीही उचलला असता, असं त्या जिन्यात मला वाटलं होतं. ते तुला माहीत असावं.

ज्ञानदा

*

चंदनसार
११ मे २०२५

दादा,

तुझं काही उत्तर नाही. आई म्हणते, माझं पत्र वाचून तू ते वहिनीलाही वाचायला दिलंस आणि त्यानंतर वहिनी दोन दिवस जेवली नाही. तारा काढल्या, आता तू मऊ भात खातोस, हेही कळलं.

मी शेवटी लूर्डस मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, जेवणातल्या फुशारकीसकट. त्या देवभक्त बाई आहेत, मला वाटलं क्षमेबद्दल काही म्हणतील. त्या म्हणाल्या, प्रबंध थांबव. तू त्या माणसाला वचन दिलं होतंस आणि ते मोडलंस, आता ते रेकॉर्डिंग तुझं नाही, त्याचं आहे. द्यायचं की नाही हे त्याला विचार. कोर्टानं मागितलं तर द्यावं लागेलच, पण त्याआधी त्याला विचार.

म्हणून फुलपाड्याला गेले. भाविका दारात ताट घेऊन तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. प्रीतमचे वडील विठ्ठलकाका कोपऱ्यात बसले होते. एके काळी त्यांची केळीची वाडी होती, आता दोन खोल्यांत सहा माणसं. मी उंबऱ्याबाहेरच उभं राहून बोलले. त्या तिघांपर्यंत तुमचं बोलणं कुणी पोचवलं, तर मी. माझ्या भावाला मी सांगितलं. फुशारकीनं सांगितलं.

भाविकाला ते माहीत होतं. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, असं मला वाटतं. ती म्हणाली, तुम्ही आलात तेव्हा तुम्ही चांगल्या वाटलात, म्हणून राग जास्त येतो. मग ताट बाजूला ठेवून उठली आणि तिनं मला एक थोबाडीत मारली. उजव्या गालावर. विठ्ठलकाका म्हणाले, भाविका, आत जा. ती गेली नाही. तिनं मला पाणी आणून दिलं आणि आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसलो.

मी तिला सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य त्यांच्याविरुद्ध जाईल, फार विरुद्ध जाईल. ते वाक्य कुठलं हे मी तिला म्हणून दाखवलं. तिनं विचारलं, हे कुणाला कळलं नाही तर? मी म्हटलं, तर तुमच्या बाजूचंही काही कुणाला कळणार नाही. मग तो एक वेडा कामगार, ज्यानं कारण नसताना साहेबाला मारलं.

ती ठाण्याच्या तुरुंगात भेटीला जाते. पुढच्या भेटीत विचारते म्हणाली. काल तिचा फोन आला. प्रीतमचा निरोप तिनं जसाच्या तसा सांगितला, दोनदा सांगितला, म्हणजे माझ्याकडून चूक होऊ नये: "अर्धं देऊ नका. मी ते बोललोय, नाही म्हणणार नाही. पण बाकीचंही मीच बोललोय. पूर्ण ऐकवा."

वर त्यानं विचारलंय, सर चालायला लागले का.

मी काय उत्तर देऊ त्याला?

ज्ञानदा

*

चंदनसार
७ जून २०२५, शनिवार

दादा,

तू परत आलायस, आईकडे उतरलायस हे कळलं. हे पत्र पोस्टात टाकत नाही, आईच्या हाती देतेय. आजच वाच.

तुझं पत्र बुधवारी आलं. पहिल्यांदाच तू पानभर लिहिलंस. सोमवारी कामावर रुजू होतोय, कंपनीच्या डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिलंय असं कळवलंस. आरशात तोंड वाकडं दिसतं, बोलताना 'स' नीट येत नाही, कामगार हसतील. आणि शेवटी विचारलंस, तू एवढ्या लोकांशी बोललीस, पहिल्या दिवशी नेमकं काय होतं ते मला सांग.

ते वाचून मला हसू आलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगते, जसं मला त्यांनी सांगितलं तसं.

लोक आधी जखमेकडे बघतील, मग तोंडाकडे. काही जण मुद्दाम बघणार नाहीत, ते जास्त लागतं. सगळे फार गोड बोलतील आणि कुणी काम देणार नाही. झटका येऊन गेलेला एक फोरमन मला म्हणाला, पहिल्या दिवशी मी चार वेळा टॉयलेटमध्ये जाऊन रडलो, कारण प्रत्येक जण म्हणत होता, तुम्ही बसा. टीबीतून उठलेल्या एकाला चहा कागदी कपात आला, बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. हंसा नावाची बाई पॅकिंगला आहे, तिची गर्भाची पिशवी काढली होती. ती गेली तर तिच्या स्टुलावर नवीन मुलगी बसलेली. हंसा जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभीच राहिली, टाके ताजे असताना. तुझी खुर्ची तुझ्यासाठी ठेवलेली असेल. तेवढं तुझं बरं आहे.

काठी घेऊन जा, लाजू नकोस. गुडघा दुखला की बस. जिथे तू पडलास ती जागा टाळू नकोस, पहिल्या तासातच तिथून एकदा चालून ये, नाहीतर ती मोठी होत जाते. आणि प्रेस खात्यातले लोक तुझ्याइतकेच घाबरलेले असतील. कामावर परतणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असतं, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. बहुतेकांनी एकच सांगितलं. जे झालं ते खरंच झालं, असं एकदा कुणीतरी तोंडानं म्हणावं. तुला लागलं, हे खरं आहे, एवढंच. प्रीतमला ते कुणी म्हटलं नाही. पहिल्या वेळी त्याला झाडू दिला आणि दुसऱ्या वेळी गेटबाहेर ठेवलं.

दादा, तुला फार लागलं. हे खरं आहे. मी म्हणते.

आता दुसरं. परवा, गुरुवारी, मी पोलीस स्टेशनला गेले. बरोबर भाविका होती. रेकॉर्डिंग पूर्ण दिलं, एक सेकंदही न कापता. त्याचं मारायचं वाक्यही दिलं. माझा जबाब चार तास चालला. सेन्सर, रविवारचं जेवण, मी काय बोलले, तू काय विचारलंस. अनुजला तू समज द्यायला सांगितलंस हे तू माझ्या नि आईच्या समोर म्हणालास, तेही. कानाचं सांगताना मला थांबावं लागलं, तेव्हा लिहून घेणाऱ्या बाईंनी पंखा माझ्याकडे वळवला. कानाच्या डॉक्टरांचे कागद जोडले, आणि बाथरूममध्ये पडले हे मी खोटं सांगितलं होतं असं सही करून लिहून दिलं.

प्रीतम सुटणार नाही. वकील म्हणतात, त्याला शिक्षा होईल, किती ते सांगता येत नाही. भाविकानं ते ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. मी प्रबंध सोडलेला नाही. ती मुलाखत मात्र त्यातून काढून टाकली आहे.

पोलिसांनी कारखाने तपासणाऱ्या खात्यालाही कळवलंय. सोमवारी तू जाशील तेव्हा त्या खात्याची माणसं प्रीतमच्या, चार नंबरच्या प्रेसजवळ उभी असतील. अनुज कालपासून कामावर नाही, फोन बंद आहे. सगळं तुझ्यावर ढकलून तो मोकळा होईल असं मला वाटतं.

हे तुला गेटवर कळू नये म्हणून आज लिहिलं. आईला काहीच सांगितलेलं नाही, ते तू सांग.

तुझ्या जबाबात तू लिहिलंयस, आरोपीशी कधी वाद नव्हता. पुरवणी जबाब देता येतो, मी विचारून घेतलं. पोलिसांनी तुला बोलावण्याआधी तू आपणहून गेलास तर ते वेगळं असतं. उद्या रविवार आहे, पण स्टेशन उघडं असतं. जिना चढायला अकरा पायऱ्या आहेत, कठडा डाव्या बाजूला आहे, तुला धरता येईल.

मी सकाळी दहाला स्टेशनच्या खाली, दाराशी येऊन उभी राहीन. आत तुझ्याबरोबर येणार नाही, पण तुझं होईपर्यंत जाणारही नाही. माझ्या उजव्या बाजूनं ये, म्हणजे हाक मारलीस तर ऐकू येईल.

ज्ञानदा